मदरबोर्डवर तेल दिसतंय? पुसायच्या आधी हे बघा

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की माझ्या दुकानात हे फोन सुरू होतात. गेल्या वर्षीचा पहिला अमळनेरकडच्या कापसाच्या एका जिनिंगवरून आला. वजनकाट्याच्या खोलीतला कॉम्प्युटर उघडून बसलेले भाऊ पलीकडून म्हणाले, "भाऊ, मना कॉम्प्युटरमाईन तेल गयी राह्यनं (गळतंय). आते काय करू?" मागोमाग फोटो आला. प्रोसेसरच्या डाव्या हाताच्या हीटसिंकखालून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखालून) चकचकीत ओघळ निघालेला, आणि त्याला रुईचे तंतू असे चिकटलेले की मदरबोर्डला मिशी फुटल्यासारखी दिसत होती.

मी म्हणालो, काही करू नका. पुसू तर मुळीच नका. मी येईपर्यंत बंद ठेवा.

इथे जळगावात थर्मल पॅडमधून तेल सुटण्याचा हा दोष इतक्यांदा हाताखालून गेलाय की आता फोटो बघून निम्मं निदान होतं. उरलेल्या निम्म्यासाठी पुढचा क्रम. फुकटातलं आधी, पैशाचं आणि धोक्याचं नंतर.

लक्षणं

हीटसिंकच्या कडेला ओलसर, चमकणारी रेघ दिसते. मदरबोर्डवर ही बहुतेक प्रोसेसरच्या वर किंवा डावीकडे असते, कारण प्रोसेसरला वीज पुरवणारे मॉसफेट तिथे असतात आणि त्यांच्यावर उष्णता हीटसिंककडे नेणारा थर्मल पॅड असतो. एम-डॉट-टू एसएसडीच्या (बोर्डावरच आडवी बसणारी, डेटा साठवणारी चपटी पट्टी) पत्र्याभोवती पातळ तेलकट कड येते. ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याच्या मागच्या पत्र्याच्या फटीत थेंब साचतात, कधी खाली एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) झाकणावर एखादा पडतो. ब्लोअर मारला तरी त्या भागातली धूळ उडत नाही, बोट लावलं की काळपट गाद हाताला येते.

मशीन मात्र बहुतेक वेळा ठणठणीत चालू असतं. काहींचं व्हिडिओचं रेंडर लावलं की मध्येच हळू पडतं, पंखे बोंबलायला लागतात. क्वचित कार्ड किंवा एसएसडी एखाद्या दिवशी दिसतच नाही आणि काढून पुन्हा बसवलं की दिसतं. ही शेवटची तक्रार तेलामुळे असू शकते, पण तिला दहा कारणं असतात, म्हणून लगेच तेलावर खापर फोडू नका.

हे तेल येतं कुठून

थर्मल पॅड म्हणजे सिलिकोन रबराची मऊ पट्टी. (चिपमधलं सिलिकॉन वेगळं, हे सिलिकोन वेगळं. दुकानात दोघांची कायम अदलाबदल होते.) रबरात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखी पूड ठासून भरलेली असते. उष्णता वाहून नेते ती पूड, रबर तिला नुसतं धरून ठेवतं. रबर पक्कं होताना सगळं सिलिकोन साखळीत गुंतत नाही, थोडं मोकळंच राहतं. हीटसिंकचा दाब आणि रोजची उष्णता मिळाली की ते मोकळं तेल बाहेर येतं, शेवभाजीवर तर्री येते तसं. पॅड जितका मऊ, तितकं हे जास्त. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना पत्र्याच्या खोलीत चालणारं मशीन हे काम जरा लवकर उरकतं, इतकंच.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, शॉर्ट होईल का? या तेलाने होणार नाही. सिलिकोन तेल वीज वाहत नाही, काही प्रकारच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तर ते इन्सुलेशनसाठीच भरतात. त्रास वेगळ्या वाटेने येतो. तेल धूळ धरून ठेवतं, आणि त्या धुळीत ओल शिरली की तो थर वीज वाहू शकतो. तेल कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर गेलं तर स्पर्श कच्चा होतो. आणि बरंच तेल सोडून बसलेला पॅड कडक, भुसभुशीत होतो, मग चिप आणि हीटसिंकमध्ये हवेची फट राहते. वॅट प्रति मीटर-केल्विन या मापात हवेची उष्णता-वाहकता ०.०२६ च्या आसपास, साध्या पॅडची ३ ते ६. केसाएवढी फट काय करते ते यावरून समजेल.

पहिली तपासणी: बॅटरी मारा आणि ओघळ उलटा चालत जा

मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवर बटण पाचेक सेकंद दाबून धरा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग मोबाईलची बॅटरी तिरपी मारून बघा. सरळ उजेडात तेल दिसत नाही, तिरप्यात लगेच चमकतं. आधी फोटो काढा.

कॅबिनेट उभं असतं, त्यामुळे तेल खाली ओघळतं. डाग जिथे दिसतो तिथे त्याचा उगम नसतो, वर असतो. म्हणूनच पुसू नका म्हणतो. तो ओघळ हाच नकाशा आहे, पुसलात की पुढचे दोन महिने अंदाजच बांधत बसाल. रेघ वर चालत जाऊन हीटसिंकच्या कडेशी, पॅडपाशी संपली तर पॅडचंच तेल. दुसरीकडे संपली तर पुढचं वाचा.

कंडेन्सरपाशी संपली तर त्याचा माथा बघा. तो सपाट असायला हवा. फुगलेला, फाटलेला, किंवा बुडाशी तपकिरी खरकटं असलेला दिसला तर तो कंडेन्सर गळतोय. ते द्रव तांब्याला खातं आणि वीजही वाहतं. २००० नंतरच्या काही वर्षांत असे कंडेन्सर जगभर गळले, तसे जुने बोर्ड अजून आपल्याकडच्या ऑफिसांत, शाळांत चालू आहेत. इथे तपासणी संपली, मशीन पुन्हा लावू नका.

वॉटर कूलिंग असेल तर पंपाच्या तोंडाशी आणि नळ्यांच्या जोडाशी बघा. टिश्यूचा तुकडा डागाला टेकवा आणि पंख्याखाली तासभर ठेवा. वाळला तर पाणी. कागद पारदर्शक होऊन तसाच राहिला तर बहुतेक तेल. वडा ठेवलेल्या पेपराची परीक्षा आपण लहानपणापासून करतोय, ही तीच.

पंख्याच्या मध्यावरून चहूकडे बारीक शिंतोडे उडालेले असतील तर ते पंख्याच्या बेअरिंगचं तेल. पंखा बदला, प्रश्न मिटला.

पाल. हसू नका. कॅबिनेटच्या मागची एक पट्टी उघडी राहिली की पाल ऊब धरून आत राहते, आणि तिची विष्ठा व ओल बोर्डावर पडली की हिरवट-पांढरा गंज येतो. तेल गंज करत नाही. म्हणून तांब्यावर, चिपच्या पायांवर हिरवं-पांढरं काही दिसलं तर ते पॅडचं तेल नाही, मग वर कितीही चकचकीत असो.

आणि एक घरगुती प्रकार. कॉम्प्युटर स्वयंपाकघराला लागून असेल तर फोडणीच्या वाफेचा पातळ थर आतल्या सगळ्या भागांवर बसतो, पंख्याच्या पात्यांवर सर्वांत जास्त. पॅडचं तेल एका जागेभोवती असतं, फोडणीचं सगळीकडे. सावद्याच्या एका घरातून आलेल्या मशीनचं झाकण उघडलं तर आधी भरीताचाच वास आला. पॅड अगदी ठीक होते.

दुसरी तपासणी: तापमान मोजा, पण वजाबाकी करून

ही पण फुकट. एचडब्ल्यूइन्फोसारखं सॉफ्टवेअर टाका, नेहमीचं जड काम अर्धा तास चालवा आणि प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, कार्डाची मेमरी, एसएसडी यांचे सर्वांत वरचे आकडे लिहून घ्या. स्वस्त बोर्डांना मॉसफेटचा सेन्सर नसतो, आकडा दिसला नाही तर घाबरू नका. शेजारी खोलीचं तापमानही लिहा. ते लिहिलं नाही तर खान्देशात या आकड्यांना काही अर्थ नाही.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका मित्राचं उदाहरण देतो. डिसेंबरात त्याच्या खोलीत २२ अंश, कार्ड ७८ वर. फरक ५६. मे महिन्यात खोली ४०, कार्ड ९६. त्याला वाटलं पॅड गेले, कार्ड खोलायला निघाला. फरक बघा, ५६ च. पॅड होते तसेच होते, वाढला होता जळगावचा उन्हाळा. मात्र खोली ४० असताना कार्ड १०८ दाखवत असतं तर फरक ६८ झाला असता. ते १२ अंश कुठून तरी आलेत, ते शोधायला हवेत.

तेल दिसतंय आणि फरक पूर्वीइतकाच आहे, तर पॅड अजून काम करतोय. पुसा आणि चालू द्या. माझ्याकडे तेल घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण याच पायरीवरून घरी जातात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आता एसएसडी ७०-८० च्या वर जाऊन कॉपीचा वेग मध्येच पडत असेल, किंवा कार्डाची मेमरी शंभरीच्या पुढे जाऊन गेम अडखळत असेल, तर पुढे जा.

तिसरी: जागा बघा

कूलर. उन्हाळ्यात घराघरात पाण्याचा कूलर, आणि कॉम्प्युटरला गार वारा मिळावा म्हणून तो थेट त्याच्या तोंडावर. हेतू चांगला, पण तो वारा ओला असतो, आणि आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार त्याच्यासोबत येतात. नुसतं तेल निरुपद्रवी, नुसती धूळ निम्मी निरुपद्रवी. तेलावर बसलेली धूळ आणि तिच्यात कूलरची ओल, हे तिन्ही जमले की मशीन कधी सुरू होतं, कधी होत नाही, आणि दुकानात आणलं की हटकून चालतं, कारण रस्त्यात वाळलेलं असतं. कूलर खोलीत राहू द्या, कॉम्प्युटर त्याच्या झोतातून बाजूला घ्या, खिडकी उघडी ठेवा.

जिनिंग, दालमिल, पिठाची गिरणी, मिरचीची गिरणी इथल्या मशीनला पुढच्या जाळीवर कापडी फिल्टर लावा आणि हंगामात दर आठवड्याला झटका. अमळनेरच्या त्या मशीनमधून मी रुईची मूठभर गादी काढली. वारा जायला वाटच नव्हती.

चौथी: पुसणे

लागतं काय: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, चष्म्याचा जुना कपडा, मऊ ब्रश. काहीशे रुपयांत होतं. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, मागे चिकटा राहतो. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांचं नावही काढू नका. ते प्लास्टिकचे स्लॉट खातात, आणि पेट्रोलचं तर वेगळं सांगायला नको. अल्कोहोलही पेट घेतं, देवघराच्या शेजारी बसून हे करू नका.

आता एक गोष्ट जी फार कोणी सांगत नाही. सिलिकोन तेल अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. बाटली ओतून बोर्ड धुतला तर तेल पातळ होऊन दूरवर पसरतं, वाळल्यावर स्वच्छ वाटतं आणि आठवड्याने पुन्हा चमकतं. काम अल्कोहोल करत नाही, कपडा करतो. कपडा ओला करा, बाहेरून उगमाकडे पुसा, घडी उलटा, कोरड्या भागाने टिपा. पुन्हा ओला, पुन्हा नवी घडी. चार-पाच फेऱ्या लागतात. रॅम किंवा कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवरही असंच. खोडरबर आपल्याकडे सगळे वापरतात, एके काळी मीही. तेलावर खोडरबर घासलं तर तेल पट्टीवर सारवलं जातं आणि सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, मोकळं गरगरू देऊ नका.

पुसून झालं की कॅबिनेटच्या आत कागदी टेपच्या तुकड्यावर तारीख लिहून चिकटवा. तेल परत आलं तर किती दिवसांनी, ते त्यावरून कळतं. महिन्याभरात पुन्हा ओघळ आला तर पॅड बदलण्याचा विचार करा. सहा महिन्यांनी बारीक कड आली तर सोडून द्या.

पाचवी: पॅड बदलणे

सुरुवात एम-डॉट-टूपासून करा, ते सर्वांत सोपं. दोन-तीन स्क्रू, पत्रा उचला, जुना पॅड काढा, दोन्ही बाजू पुसा, नवा लावा. एसएसडीवरचं लेबल सोलू नका, वॉरंटी जाते. नव्या पॅडला दोन्ही बाजूंनी पातळ फिल्म असते, ती दोन्ही बाजूंची काढा. एक बाजू विसरलेली मी इतक्या वेळा पाहिलीय की आता मशीन उघडल्यावर आधी तेच बघतो. एकदा ती विसरलेली फिल्म माझ्याच हातची निघाली होती.

मदरबोर्डच्या हीटसिंकला मागून स्क्रू असतात, म्हणजे पूर्ण बोर्ड बाहेर. स्वस्त बोर्डांवर प्लास्टिकच्या खुंट्या असतात, उष्णतेने ठिसूळ झालेल्या. चिमट्यात धरल्या की तुटतात, बदली खुंट्या हाताशी असतील तरच हात घाला.

आणि जाडी. सगळा खेळ जाडीचा आहे. पॅड अर्धा, एक, दीड, दोन, तीन मिलिमीटर अशा मापात मिळतात, आणि एकाच कार्डावर दोन-तीन मापं असू शकतात. जुना पॅड व्हर्नियरने मोजला तर कमी भरतो, कारण तो वर्षानुवर्षं दाबलेला असतो. कडेचा, दाबात न आलेला भाग मोजा, नाहीतर त्या मॉडेलचं माप शोधून खात्री करा.

माझी फसलेली गोष्ट सांगतो. जुनं घेतलेलं एक कार्ड आलं होतं, पॅड वाळून भुसा झालेले. माझ्याकडे दीडचा पॅड संपला होता, गिऱ्हाईक घाईत. म्हटलं दोनचा लावू, जाड तर जाड, दाबून बसेल. बसला नाही. मेमरीवरचे जाड पॅड हीटसिंकला उचलून धरत होते आणि मधली मुख्य चिप अधांतरी. लोड दिल्यावर मिनिटाच्या आत तापमान शंभरीला आणि पंखे किंचाळायला लागले. उघडलं तर चिपवरच्या थर्मल पेस्टला (चिप आणि हीटसिंकमधली बारीक फट भरणारा लेप) हीटसिंकचा ठसाच नव्हता, मधोमध एक फिकट टिकली तेवढी. तेव्हापासून मी स्क्रू आवळून, पुन्हा खोलून पेस्टचा ठसा बघतो आणि मगच शेवटचं बसवतो. पेस्ट वाया जाते, कार्ड जात नाही.

पॅडच्या जागी पेस्ट थापू नका, एक मिलिमीटरची फट पेस्टने भरत नाही. पाकिटावरच्या वाहकतेच्या मोठ्या आकड्यालाही भुलू नका, पॅड कडक असेल तर नीट दबणारच नाही. तेल कमी सोडणारा हवा असेल तर विकत घेताना तसं विचारा. सिलिकोन नसलेले पॅडही मिळतात, महाग असतात. काट्याच्या त्या मशीनला मी साधाच लावला.

इथे थांबा

मशीन वॉरंटीत असेल तर पहिल्या दोन तपासण्यांच्या पुढे जाऊ नका. फोटो काढा, तापमानाची नोंद घ्या आणि सर्व्हिस सेंटरला द्या. हीटसिंक उघडून मग वॉरंटी मागायला गेलेल्यांचे चेहरे मी पाहिलेत.

एसएमपीएसच्या आतून काही ओघळतंय असं वाटलं तर त्याचं झाकण उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. दुकानातही आम्ही तो सरळ बदलतो.

तेल प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये, त्या बारीक पायांच्या गादीत उतरलं असेल तर कपडा-ब्रश घालू नका. एक पाय वाकला तरी बोर्ड जाऊ शकतो. ते काम भिंगाखाली करणाऱ्याकडे द्या. कंडेन्सर फुगलेला, जळका वास, बोर्डावर काळा डाग, हिरवा गंज, वॉटर कूलिंगची गळती, लॅपटॉपची फुगलेली बॅटरी, यांतलं काहीही दिसलं तर मशीन सुरू करून "बघू चालतंय का" हा प्रयोग नको. एसएसडीवर हिशेबाचा एकुलता एक डेटा असेल तर आधी बॅकअप, मग पॅड. आणि ग्राफिक्स कार्ड आयुष्यात पहिल्यांदा खोलत असाल तर निदान एखाद्या जुन्या, मेलेल्या कार्डावर हात बसवून घ्या. पंख्याची वायर आखूड असते, हीटसिंक उचलताना हिसका बसला की कनेक्टर बोर्डातून उपटून येतो. तो परत जोडायला सोल्डरचा डाग देणारा लागतो.

दुरुस्तीला देताना ओघळाचे पहिले फोटो आणि तापमानाचा कागद सोबत द्या, आणि जुने पॅड परत मागून घ्या. अमळनेरच्या भाऊंनी मागून घेतले होते. पाकिटात घालून काट्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेत, वर तारीख लिहून. परवा फोन आला तेव्हा म्हणाले, तेल नाही, पण पाल दिसली.